हौसाबाईंचं 'म्या'

मंगळवार संध्याकाळ, भोर

आज स्वतःचीच पाठ थोपटून घ्यावीशी वाटतेय. घेतेच.

गुंजवणे गावच्या हौसाबाई आमच्या वाचनालयात आल्या होत्या. धरणात गेलेल्या त्यांच्या शेतांबद्दल त्यांनी सांगितलेलं मी गेल्या वर्षी वाचनालयाच्या संग्रहासाठी जसंच्या तसं टाइप केलं होतं. ते आज वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, "ही कोण बाई बोलतीया?"

मग नीट पाहिलं. सगळीकडे 'म्या'चं 'मी' झालेलं, 'न्हाई'चं 'नाही'. काम आमच्या कुलकर्णी सरांचं. निवृत्त झाल्यापासून ते वाचनालयात मदत करतात, आणि हेही मदत म्हणूनच केलेलं. शाळेत माझ्या निबंधातल्या 'म्या'वर लाल रेघ मारणारे तेच.

पण आमच्या फाइलींची जुनी रूपं पुसली जात नाहीत. कोणी, कधी, का बदललं, याची नोंदही राहते. ही पद्धत मीच हट्टानं बसवली, तेव्हा सगळे हसले होते. आज दोन मिनिटांत जुना मजकूर परत आणला आणि मोठ्यानं वाचला. त्या लाल रेघेचा सूड होता का तो? थोडा असेल.

"व्हय," हौसाबाई म्हणाल्या. "हे म्या सांगितल्यालं."

शेजारीच बसलेल्या सरांनी हळूच विचारलं, "माझं केलेलं गेलं का सगळं?"

"नाही सर, तेही आहे. तुमच्या नावासकट."

जुनं परत आणण्याचं कारण लिहायचं राहिलं होतं. सरांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि एका बोटानं टाइप केलं: शुद्धलेखन माझे चुकले.