दोनशे शिटांचं पुस्तक

बाबा, अजून छापलंच नाही अशा पुस्तकाचे लोक आधीच पैसे देतात, असं मी सांगितलं असतं तर तुम्ही बिडी विझवून म्हणाला असता, "कोण येडं देते वं?" देतात, बाबा. धाडचे देतात, बुलढाण्याचे देतात, लोणारच्या एका कापडवाल्याने तर तीन प्रतींचे दिले. तुम्ही जाऊन सोळा वर्षं झाली आणि मधल्या काळात माझी एक कादंबरी लिहून झाली. दोन प्रकाशकांनी ती गोड शब्दांत परत पाठवली. मग मी माझ्या झेरॉक्सच्या दुकानात भिंतीवर एक कागद चिकटवला आणि तोच व्हॉट्सॲपवरही टाकला: दोनशे वाचकांनी आगाऊ नोंदणी केली तर पुस्तक छापायला जाईल, नाहीतर ज्याचे पैसे त्याला परत. कादंबरी धाड-बुलढाणा रस्त्यावरच्या एका काळ्या-पिवळ्या जीपची आहे. ती कोणाची, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मला वाटलं होतं, लोकांना हा प्रकार समजावता समजावता माझ्या नाकी नऊ येतील. पण ज्यांनी निम्मं आयुष्य जीप भरायची वाट बघण्यात काढलं, त्यांना मी काय समजावणार! सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला आलेला माणूस भिंतीवरचा कागद वाचायचा आणि विचारायचा, "म्हंजे शिटा भरल्याबिगर गाडी हालत नाही?" मी हो म्हटलं की खिशातून फोन काढून पैसे पाठवायचा. एक निवृत्त मास्तर म्हणाले, "मले पुढची शीट दे, बाई. मांगं मळमळते." एकाने तर विचारलं, अर्ध्यात उतरलो तर अर्धं भाडं परत मिळेल का. रोज सकाळी मी शटर वर करत असताना रस्त्यावरून कोणीतरी ओरडून जायचं, "भरली का वं?"

सुरुवातीला मात्र गाडी भरेना, तेव्हा मी तुमचीच युक्ती वापरली. रिकाम्या जीपमध्ये तुम्ही मला आणि आईला नेऊन बसवायचात, मांडीवर पिशवी, अंगात बरे कपडे, जणू आम्ही पाहुण्यांच्या गावाला निघालो आहोत. "माणसाले माणूस दिसलं का बसू वाटते," म्हणायचात तुम्ही. खरं गिऱ्हाईक आलं की आम्ही मागच्या दाराने गुपचूप उतरायचो. मीही यादीत अकरा नातेवाईक बसवले, आत्याला तर दोनदा. खरे वाचक येत गेले तसतशी एकेकाला उतरवलं. हे आईला सांगितलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला ठसका लागला.

पण एक गोष्ट मला अजून झेपलेली नाही, बाबा. जीप निदान डोळ्यांसमोर उभी असते. चाकं दिसतात, तुम्ही दिसता. इथे काय दिसत होतं? भिंतीवर एक कागद आणि काउंटरमागे मी. तरी माणसं नाव लिहून जायची. मेंढ्या चारणारा एक म्हातारा आला होता. त्याला वाचता येत नाही. मी म्हटलं, तुम्ही कशाला? तर म्हणाला, "गाव वाचीन ना. मी आयकीन." नाव लिहून घेताना माझे डोळे भरून आले होते. एवढा भरवसा माणसं आणतात तरी कुठून, मला खरंच कळत नाही.

दोनशे झाले. मी मजकूर प्रेसमध्ये देऊन टाकला. त्यात सातवं प्रकरण होतं. ज्यांनी ज्यांनी आधी वाचलं ते सगळे म्हणाले, हे प्रकरण म्हणजे पुस्तकाचा जीव आहे. त्यातला दिवस तुम्हाला आठवत असेल. मी आठवीत आहे, बुलढाण्याला आत्याकडे शिकायला. निबंधात माझा पहिला नंबर आला आहे आणि दुपारी शाळेच्या सभागृहात बक्षीस आहे. तुम्ही येतो म्हणाला आहात. मी शेजारची खुर्ची दप्तर ठेवून अडवून धरली आहे आणि दर दोन मिनिटांनी दाराकडे बघते आहे. बाईंनी शेवटी ते दप्तर उचलायला लावलं. तुम्ही आत्याकडे आलात तेव्हा दिवस मावळायला आला होता. "शिटा नाही भरल्या, बाई," एवढंच म्हणालात. मी दिवाळीपर्यंत तुमच्याशी धड बोलले नाही. सातव्या प्रकरणातला ड्रायव्हर बॉनेटला टेकून शिटांची वाट बघत राहतो आणि त्याची मुलगी एकटीच स्टेजवर जाते.

मजकूर प्रेसमध्ये गेल्यावर तीन-चार दिवसांनी धाडची एक म्हातारी आली, सोबत तिची नात. "जागा उरली का वं? तुह्या बापाच्या गाडीचं पुस्तक हाये म्हनतात." मी म्हटलं, तुमच्यासाठी करू की जागा. नात फोनवरून पैसे पाठवत होती आणि म्हातारी तिच्याकडे बोट दाखवून सांगायला लागली, "हे पोटात व्हती. माही सून अडली. डॉक्टरनं हात टेकले, औरंगाबादले न्या म्हने. ष्टँडवर तुह्या बापाचा लंबर व्हता, गाडीत कोनीच नाही. धुतलेला सदरा घालून उभा. म्हने, माय, पोरीले आज बक्षीस भेटून राह्यलं बुलढान्याले. मंग सुनेकडं पाह्यलं अन् काढली गाडी." मी विचारलं, भाडं? म्हातारी हसली. "साऱ्या रस्त्यानं कुरकुरला. धा शिटांचं मांगे, म्या एकीचं देल्लं. उतरताना म्हने, कोनाले सांगू नको माय, नाहीतं उद्यापासून सारेच एकट्यानं बसतीन. आता गाडीच नाही राह्यली, म्हनून सांगतलं."

एवढी वर्षं त्या बाईने शब्द पाळला, बाबा. आणि तुम्हीही. मला तरी सांगायचं होतं. मी काय स्टँडवर दवंडी पिटली असती? रागही आला तुमचा, खोटं कशाला सांगू. मग समोरच्या त्या पोरीकडे बघितलं. पंचविशीची धडधाकट पोरगी, पैसे गेल्याचा आवाज आला की नाही म्हणून फोन कानाला लावून बघत होती. माझ्या अडवून धरलेल्या खुर्चीच्या बदल्यात ती जिवंत होती, आणि तिला ते माहीतही नव्हतं.

त्या दुपारीच प्रेसला फोन करून छपाई थांबवली. प्रेसवाला चिडला, चिडणारच. मग दोनशे वाचकांना कळवलं की एक प्रकरण चुकलं आहे, दुरुस्त करायला महिना लागेल, ज्यांना थांबायचं नसेल त्यांचे पैसे परत देते. फोनकडे बघायची हिंमत होईना. सगळा भरवसा आता मोडणार असं वाटत होतं. उत्तरं आली. मास्तरांनी लिहिलं, "टायर बदलून घे, आम्ही खाली उतरून उभे आहोत." मेंढ्यांवाला म्हातारा दुकानात येऊन एवढंच म्हणाला, "कर सावकाश. म्या कुठं जाऊन राह्यलो?" पैसे परत मागितले ते एकानेच, आणि तो आपल्या घरातला, तुमचा सख्खा पुतण्या. बाकी दोनशेत एकही माणूस उतरला नाही. तुम्ही बघायला हवं होतं, बाबा. तुमच्या गाडीला एवढी सबुरीची माणसं कधी मिळाली नव्हती.

नवं सातवं प्रकरण काल प्रेसला पोचलं. हे पत्र मी लिहिते आहे, पण ते जाणार कुठे? झेरॉक्सच्या कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्याखाली ठेवून देईन. नवं प्रकरण खरं आहे. तुम्ही गाडी काढता, कुरकुरता, भाडं मागता, सगळं आलं आहे त्यात. पण जुनं जास्त चांगलं उतरलं होतं, बाबा. त्या रागाने लिहिलेल्या वाक्यांना जी धार होती ती यात नाही. ते जुने कागद फाडताना मी रडले. आईला वाटलं, तुमच्या आठवणीने रडते आहे. मी तसंच वाटू दिलं. मी प्रकरणासाठी रडत होते.