त्या वर्षी तू नवा तांदूळ खाल्ला नाहीस

आई, तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. सरळ सांगितली तर दोन ओळींत संपेल, पण मी जरा लांबून येणार आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, मुद्द्याचं बोल रे, चुलीवर भाजी हाय.

बाबा गेल्यावर दोन वर्षं मी काय गुण उधळले ते तुला माहीत आहे. किन्हवलीच्या एसटी स्टँडवरून तूच मला दोनदा उचलून आणलंस. मग कसाऱ्याला रुळांवर ठेकेदाराकडे काम लागलं आणि तिथला मुकादम जेवणाच्या सुट्टीत मला बायबल वाचून दाखवू लागला. आधी मी त्याची चेष्टा केली, मग ऐकलं, मग एका रविवारी त्याच्याबरोबर शहापूरला ख्रिस्ती मंडळीच्या प्रार्थनेला गेलो. पुढच्या उन्हाळ्यात नदीत बाप्तिस्मा घेतला. गावात व्हायची ती चर्चा झाली, काकांनी बोलणं टाकलं. तू मात्र कुणाशी भांडली नाहीस. विहिरीवर बायकांनी छेडलं तेव्हा म्हणालीस, "माज्या पोराची दारू सुटली. ज्या देवानं सोडवली त्याला मी नाव ठेवनार नाय." हे मला शेजारच्या काकूनं सांगितलं. मला वाटलं, झालं, आईचंही मन वळलं. मी तेव्हा नव्या वहाणेसारखा करकरत चालायचो.

आणि मग कार्तिकात झोडणी झाली, भात घरात आलं. नवा तांदूळ आधी देवांना आणि वाडवडिलांना दाखवायचा, तोही घरच्या कर्त्या पुरुषाच्या हातानं, आणि मगच घरच्यांनी खायचा, हे आपल्याकडे पिढ्यांचं. लहानपणी मी भुकेनं वळवळत बघत बसायचो आणि बाबा सावकाश पळसाच्या पानावर वाफाळता भात आणि गुळाचा खडा ठेवायचे. बाबांनंतर दोन वर्षं ते मी केलं. एकदा तर हात इतके थरथरत होते की पान तूच धरलंस. म्हणजे बघ, पीत होतो तेव्हा मी तुझं नवं दाखवायचं चुकवलं नाही, शुद्धीवर आल्यावर चुकवलं. त्या दिवशी तू पान मांडून मला हाक मारलीस आणि मी दारातूनच म्हणालो, हे आता माझ्याकडून होणार नाही. तू विचारलंस, काकाला बोलवू का? मी म्हणालो, या घरात आता हे कुणीच करायचं नाही. घर काय माझ्या एकट्याचं होतं? पण म्हणालो. तू पान उचललंस आणि तोच भात मला ताटात वाढलास. मी डोळे मिटून आभार मानले आणि दोनदा मागून जेवलो. तू नेहमीच सगळ्यांच्या मागून जेवायचीस, त्यामुळे तुझ्या ताटात बघायचं मला सुचलंच नाही.

होळीच्या आधी मला ताप आला आणि मी कामावर न जाता घरी राहिलो. दुपारी पाण्यासाठी उठून चुलीपाशी आलो, तर तिथे दोन टोप. मोठ्यात आपल्या शेतातल्या झिनी तांदळाचा पांढराशुभ्र भात, माझ्यासाठी. छोट्यात रेशनचा जाडा, पिवळट भात, आणि तू तो ताटलीत घेऊन बसलेली. कणगी भरलेली होती, आई. तो तांदूळ तूच पाखडायचीस, तूच निवडायचीस, आणि चार महिने त्यातला एक दाणा तुझ्या तोंडात गेला नव्हता. मी ओरडलोच, असं उपाशी राहून मला शिक्षा करतेस का? तू घास खाली ठेवलास.

"मी कुटं उपाशी हाय? पोटभर खाते. त्यांना दिल्याबिगर नवा मला जात नाय, इतकंच. तुज्या देवाचं तुला मोडवत नाय ना? मग माज्यांचं मला कसं मोडवंल?"

पाठ केलेली वचनं बरीच होती, पण त्यांतलं एकही तुझ्यापुढे काढायला जीभ रेटेना. ताप उतरल्यावर मी मुकादमाला सगळं सांगितलं. वाटलं, तो पाठ थोपटेल. तो म्हणाला, "पान मांडू नकोस, ते तुझं बरोबर. पण आभार मानायला तुला कोणी अडवलं? आणि चार महिने आईच्या ताटात बघितलं नाहीस, ते आधी देवापुढं कबूल कर."

पुढच्या कार्तिकात नवा भात मी स्वतः रांधला. ओटीवर ताट घेऊन उभा राहिलो आणि तुला ऐकू जाईल अशी प्रार्थना केली. शेतासाठी, पिकासाठी, ते शेत कसणाऱ्या बाबांसाठी, आधी रान फोडून ते तयार करणाऱ्या आजोबांसाठी मी देवाचे आभार मानले. तू डोक्यावर पदर घेऊन ऐकत होतीस. "बाबाचं नाव घेतलंस?" तू विचारलंस. घेतलं, म्हणालो. मग तू ताट घेतलंस, एक चिमूट भात मोडून देवांच्या कोपऱ्यात ठेवलास, आणि जेवायला बसलीस. "खाली लागलाय," म्हणालीस, आणि आणखी मागितलास. त्या दिवशी मला जेवढा आनंद झाला तेवढा बाप्तिस्म्याच्या दिवशीही झाला नव्हता.

इथपर्यंतचं तुला माहीत आहे. त्या रविवारी शहापूरला मी साक्ष द्यायला उभा राहिलो आणि सांगितलं की माझ्या आईनं जुनं सगळं सोडून प्रभूच्या नावानं नवा तांदूळ खाल्ला. सगळ्यांनी हालेलुया म्हटलं. ती चिमूट मी गाळली. दहा आज्ञांतली पहिली, दुसरे देव मानू नकोस ही, इतकी घट्ट धरून बसलो होतो, आणि खोट्या साक्षीची मात्र सहज मोडली. पंधरा दिवसांनी तिथल्या मंडळीतल्या दोन बहिणी तुला भेटायला आल्या, हात धरून म्हणाल्या, मावशी, तुम्ही प्रभूत आलात, फार बरं झालं. तू माझ्याकडे बघितलंस. मी खाली बघितलं. "बसा," तू त्यांना म्हणालीस, "चहा ठेवते." त्या गेल्यावरही तू मला काही विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर बरं झालं असतं.

तू गेलीस तेव्हा सगळं काकांनी तुझ्या रीतीनं केलं. तसं तूच मला सांगून ठेवलं होतंस, आणि काकांना बोलवायला मीच गेलो होतो. मंडळीतल्यांनी विचारलं तेव्हा मात्र मी म्हणालो, नातेवाइकांनी जबरदस्ती केली. त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली.

माझा विश्वास खरा आहे, आई, तेव्हाही होता. आज त्याच मंडळीत नव्यांना मीच शिकवतो, आणि खरं बोला हे त्यांना हमखास सांगतो. या रविवारी उभा राहून तुझं सगळं खरं सांगणार आहे, असं इथे लिहायला बसलो होतो. पण तुझ्याशी तरी खोटं नको. सांगेन की नाही, मला माहीत नाही.