माईच्या परातीतली मूठ

बाबा, आज सकाळी मी तलावाच्या पाळीवर पोचलो तेव्हा गाव आधीच जमलं होतं. तलाव राखणाऱ्या माईच्या दगडापुढे परात मांडली होती. तुमच्यानंतर तलावाच्या तुडुमाचं दार उघडून पाटाला पाणी सोडायचं काम माझ्याकडे आलं, त्याला वीस वर्षं झाली. रीत तीच आहे. प्रत्येक घरची तांदळाची मूठ परातीत पडल्याशिवाय पाणी सुटत नाही.

मागच्या वर्षी आपल्या धानाच्या बांधीला लागून ज्याची बांधी आहे, त्या शेजाऱ्याने मूठ आणली नाही. त्याचा देवावरचा विश्वास उडाला होता. लोक म्हणाले, त्याचं पाणी बंद करा. मी घाबरलो आणि त्याने पाठवली असं सांगून त्याच्या नावाने माझ्याच घरची मूठ परातीत टाकली. त्याचं धान वाचलं. मला वाटलं, पुण्य झालं.

गेल्या आठवड्यात करडी गावच्या बाजारात कोणीतरी त्याला टोमणा मारला, तेव्हा मी त्याच्या नावाने मूठ टाकल्याचं त्याला कळलं. तो थेट आपल्या अंगणात आला.

"भाऊ, माह्या नावानं कायले टाकली?"

"धान सुकलं असतं तुह्यं."

"सुकू द्याचं होतं. आता गाव म्हणते, आला शेवटी माईच्या पायावर. मी माईले शिव्या देल्ल्या का? मले मानता येत नाही, एवढंच."

त्या दिवसापासून तुमचंच एक बोलणं डोक्यात आहे. आठवतं का, पातळं विकायला आलेल्या एका विणकराने आपल्या ओसरीवर बसून प्रसाद नाकारला होता, आणि मी त्याच्यासमोरचा पाण्याचा गडवा उचलला होता? तुम्ही जेवता जेवता थांबलात. "काहून उचलला? तो काय मानते, ते तुले कायले पाह्यजे? पाणी ठेव." पण बाबा, सगळ्या घरांच्या मुठी आल्याशिवाय तुम्हीही कधी तुडुम उघडलं नाहीत. हे दोन्ही मला अजून जुळवता येत नाही. माई कोपली आणि पाळ फुटली तर सगळ्यांचंच धान जाईल, ही गावाची भीती खोटी कशी म्हणू? ती माझीही आहे.

तरी आज परातीपुढे उभं राहून सांगितलं, मागच्या वर्षीची त्याची मूठ माझी होती, आणि यंदा त्याची मूठ येणार नाही.

"अन् माई कोपली तं तू भरून देशील का?" शेजारच्या आळीतले काका म्हणाले.

"माह्या हातानं होऊन राहिलं काका, माह्यावर येऊ द्या."

"मोठा आला साधू."

मी तुडुम उघडलं. पाणी सगळ्यांत आधी त्याच्याच बांधीत गेलं. उतारच तसा आहे.

आता दुपार झाली आहे. आभाळात ढग नाही. तरी हे लिहिता लिहिता तीनदा उठून पाळ पाहून आलो.