लेपाखालचा अंगठा

१२ मार्च
परत तोच अंगठा! निळ्या दिव्याखाली सर्किटचा बोर्ड धरला की त्यावरचा आमचा ओल रोखणारा लेप चमकतो, आणि जिथे लेप धरलेला नाही तिथे काळं दिसतं. आज कोपऱ्यातल्या स्क्रूच्या भोकापाशी अख्खा अंगठा उमटलेला, मधून आडवी रेघ गेलेला. लेपाच्या वर नाही — खाली. म्हणजे बोर्ड धुतल्यावर, लेप मारायच्या आधी, कुणीतरी उघड्या हाताने धरलाय. धुते मी, सुकवते मी, लेप मारते मी. हातमोजे काढत नाही.

ती आडवी रेघ मला ठाऊक आहे. नवऱ्याच्या अंगठ्यावरून पातं फिरलं तेव्हा टाके घालायला मीच घेऊन गेले होते. त्याला जाऊन आठ-नऊ महिने झाले.

१३ मार्च
भट्टीवाले काका — बोर्ड तापवून, वाफ देऊन तपासायचं काम त्यांचं — म्हणाले, जुने बोर्ड मिसळले असतील. मी मान डोलावली. जुने बोर्ड हिरवे, हे निळे. त्यांनाही दिसतंय.

१७ मार्च
अंगठा उमटलेले सगळे बोर्ड भट्टीत नापास. घामातलं मीठ लेपाखाली अडकतं. बाहेर ऊन तापलं, मग दमट हवा आली, की तेच मीठ तांब्याला खातं, हिरवी पूड धरते. वरून लेप कसा तुकतुकीत! वरून कीर्तन, आतून तमाशा.

आणि हे बोर्ड नदीकाठच्या भोंग्यांचे. पाणी चढलं की भोंगा वाजायचा आणि खालच्या वस्तीने वर पळायचं. नदी फुगायच्या आत ते खांबांवर चढले नाहीत तर वस्तीला झोपेतच — नाही लिहीत.

२१ मार्च
लिहितेच. गेल्या वर्षी एक भोंगा मुका पडला, म्हणून नवरा भर पुरात तो दुरुस्त करायला खांबाकडे गेला. नवरा मिळाला नाही, खांब मात्र गाळात सापडला. काकांनी त्यातला बोर्ड उघडून मला एकटीला दाखवला. कोपऱ्यात हिरवा डाग, अंगठ्याएवढा. तेव्हा माझ्या शेजारी बसून बोर्ड तोच धुवायचा. किती कानीकपाळी ओरडले होते, हातमोजे घाल! हातमोज्यात हाताला काही कळत नाही म्हणायचा. मेला हट्टी! — काय शब्द लिहून गेले मी.

सासूबाईंना यातलं काहीच माहीत नाही. त्यांच्या लेखी तो कुठेतरी अडकलाय, येईल. घरी मी कारखान्यातलं अवाक्षर काढत नाही.

२ एप्रिल
आज बोर्ड धुतला आणि त्याच्यावरची नजर न काढता बसून राहिले. कुणी आलं नाही. खोलीत फक्त पंख्याचा आवाज. बोर्ड सुकला, लेप मारला, दिवा लावला.

अंगठा!

दचकून दिवा विझवला, परत लावला. आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. इतक्या महिन्यांनी कुणीतरी माझ्याबरोबर कामाला बसलं होतं.

९ एप्रिल
लिहायलाही लाज वाटते. हल्ली केस नीट विंचरून कामाला जाते. आज शेजारचं स्टूल पुसून ठेवलं. नापास बोर्ड मोडीत टाकायचे असतात, ते मी कपाटात लपवते.

२३ एप्रिल
काकांनी कपाट उघडलं. ओरडले नाहीत. बराच वेळ ते बोर्ड उलटेपालटे करत राहिले, मग खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले.

"त्याला नको म्हणायचं तुझ्या जिवावर येतंय, कळतं मला," म्हणाले. "पण पोरी, माझी लेक त्या वस्तीत राहते. कडेवर तान्हं आहे तिच्या."

म्हणजे त्यांनी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. मला मान वर करता येईना.

२४ एप्रिल
जेवणाच्या सुट्टीत दार लावून बोलले त्याच्याशी. वेडी म्हणा हवं तर. बोर्ड नुकताच स्पिरिटने धुतलेला, ओला. म्हटलं, "हात लावू नकोस. तुझा हात लागला की भोंगा मरतो. गेल्या वर्षीचाही तसाच मेला."

हे त्याला कधीच कळायला नको होतं. पण तोंडातून गेलं ते गेलं. आणि पुढेही गेलं — "आता येऊ नकोस."

ओला बोर्ड एकदम कोरडा झाला, कुणी फुंकर घालावी तसा. कोपरा तेवढा ओला राहिला. मग तोही सुकला.

२६ एप्रिल
स्वच्छ. सगळे.

१२ मे
भट्टी, वाफ, थंडी, सगळ्यातून पास. काकांनी पुन्हा एकदा तपासले, त्यांचा स्वतःवर विश्वास बसेना. बोर्ड राळेत बुडवून डब्यांत बंद केले, उद्या खांबांवर चढतील. काका लेकीला फोन करून हसत होते. मीही हसले. घरी येऊन न्हाणीघरात नळ मोठा सोडला आणि पोटभर रडले.

१३ मे
सकाळी चहा दिला तर सासूबाईंनी माझा हात धरून ठेवला. मी त्यांना काही म्हणजे काही सांगितलेलं नाही!

म्हणाल्या, "तू काय बोललीस गं त्याला? रोज पहाटे दाराशी येऊन जायचा, 'येतो' म्हणायचा. आज 'जातो' म्हणाला."