गवताचा दगड

३ मार्च
मुलाने दुकानात धार लावायचे दगड जपानी आणले म्हणून खोक्यांवर अक्षरंही जपानीच? जुन्यांना निदान रंग होते. लाल खरखरीत, पांढरा मऊ. आता सगळी खोकी सारखी, वर नुसती माश्यांची पावलं. मुलगा म्हणाला, ज्याला खोकी वाचता येतील त्यानेच यापुढे हॉटेलांच्या सुऱ्यांना धार लावायची. सुनेला येतात. म्हणजे माझं टेबल गेलंच की! लग्न होऊन आले तेव्हापासून तिथे बसतेय. आठवड्यात शिकून दाखवते. चौथीपर्यंत गेलेय, तेही पास होऊन.

४ मार्च
सुनेने भिंतीवर तक्ता चिकटवलाय, दगडाधातूंच्या अक्षरांचा. दगड : वर आडवी काठी, तिला तिरका पाय, खाली डबा. आला. धातू : वर छप्पर, आत फळ्या. तोही आला. सोपं आहे. झोपते.

६ मार्च
दगडाशेजारी ‘थोडं’चं अक्षर काढलं की वाळू. ठीक. धातूशेजारी ‘हरवलं’ काढलं की लोखंड. लोखंड कसं हरवेल? भंगारवाल्याने नेलं तरच. सून म्हणाली, आई, वाद नका घालू, नुसतं पाठ करा. म्हटलं, वाद घातल्याशिवाय मी तुलासुद्धा पत्करलं नव्हतं.

८ मार्च
धातू लिहायला घेतला. छप्पर कोसळलं. पेन खराब आहे.

९ मार्च, दुपार
तांबं, चांदी, लोखंड, सगळ्यांच्या डावीकडे तोच धातू. जावा एकसारखी लुगडी नेसून बसल्यासारख्या. सून खोक्यावर मोबाइल धरून त्यात मराठी वाचते. हे कसलं वाचणं? आपल्या घरात काय शिजलं ते शेजारणीला विचारणं.

११ मार्च
अभ्यास पूर्ण. हॉटेलचा आचारी त्याची लाडकी सुरी ठेवून गेला. मऊ दगडावर शेवटचा हात फिरवायचा, एवढंच. मुलगा-सून बाहेर. खोक्यावर दोन अक्षरं. दुसऱ्यात दगड, बघताक्षणी ओळखला. पहिल्याच्या डोक्यावर गवत. गवत म्हणजे मऊ. याला म्हणतात डोकं! बोटांना दगड खरखरीत लागला. त्यांना म्हटलं, गप्प बसा, इथे लिहिलंय.

संध्याकाळ
पातं मांजराने बोचकारल्यासारखं. सून म्हणाली, आई, ते गवत माजलेल्या रानाचं, म्हणजे ओबडधोबड. मग रान काढायचं ना मेल्यांनी! मुलाने माझं स्टूल उचललं आणि दुकानाच्या फोनजवळ नेऊन ठेवलं. म्हणजे आता फोन घ्यायचं काम माझं.

१२ मार्च
टेबलावर सून. तिचा हात वाईट नाही, हे तिला सांगायची गरज नाही. माझी बोटं उगाच मांडी चाचपतात. सकाळपासून आचाऱ्याचा फोन वाजतोय. मी हात लावणार नाही. दगड ज्याने मागवले, त्यानेच फोन उचलायचा आणि त्यानेच उत्तर द्यायचं.