दादा एकच

५ मार्च, सोमवार
नवा बॉस आला. वय अठ्ठावीस. आपली खुर्च्यांची कंपनी म्हणजे एक कुटुंब आहे म्हणाला. सर-मॅडम आजपासून बंद. त्याला सगळ्यांनी दादा म्हणायचं, एचआरच्या बाईंना ताई. मी चव्वेचाळीस वर्षांचा माणूस. मला दादा एकच, ज्याने सायकल शिकवली आणि माझ्या वाटणीचा मारही खाल्ला. दुसऱ्या कुणाला दादा म्हणणार नाही. नोकरी गेली तरी बेहत्तर.

६ मार्च
नोकरी जाऊन चालणार नाही. बायकोने लक्षात आणून दिलं. पण तत्त्व कायम. युक्ती: बॉसला हाकच मारायची नाही.

९ मार्च
झकास जमतंय. 'रिपोर्ट बघून झाला का', 'चहा घेणार का' असं मोघम बोलतो. फारच अडलं तर 'अहो'. कुणाला पत्ता नाही.

१४ मार्च
शेजारच्या टेबलवाल्या बाई म्हणतात, त्यांची आजी आजोबांशी अगदी असंच बोलायची. जळतात. दुपारी बॉस मोबाइल विसरून निघाला. मी मागून 'अहो, ऐकलंत का' म्हणालो. अख्खा मजला वळला. बॉस लाजला. हे जरा बरं नाही दिसलं.

१९ मार्च, सकाळी ११
एचआरच्या ताईंनी (बाईंनी!) बोलावलं. अप्रेझलमध्ये 'कौटुंबिक भावना' असा रकाना आहे. मला दहापैकी दोन. शनिवारी फॅमिली डे, तीच शेवटची संधी.

दुपारी ४
ठरलं. दादाला घेऊन जायचं. माइकवरून सगळ्यांना ठणकावून सांगायचं की हा माझा दादा, आणि दादा एकच असतो. भाषण पाठ केलं. संध्याकाळी बायकोला म्हणून दाखवणार.

२० मार्च
बायकोने भाषण शांतपणे ऐकलं. मग नोकरीच्या जाहिराती कापून फ्रिजवर लावल्या.

२४ मार्च, शनिवार
दादा कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला. ताईंनी त्याला पहिल्या रांगेत बॉसशेजारी बसवलं. माइक हातात आला. भाषण साफ विसरलो. त्या दोघांच्या दिशेने हात करून एवढंच म्हणालो, माझा दादा एकच.

बॉस उठला. स्टेजवर येऊन मला मिठी मारली आणि रडला. टाळ्यांचा कडकडाट. दादाही वाजवत होता. मला दहापैकी दहा, शिवाय बक्षीस म्हणून एक खुर्ची.

२५ मार्च, रविवार
दादाकडे गेलो. फार वाईट वाटत होतं. म्हटलं, अरे, ते तुझ्यासाठी होतं. तो म्हणाला, कळलं मला, मनाला लावून घेऊ नकोस. मग दार लोटून हळूच म्हणाला, त्याच्या ऑफिसात बॉसला बाबा म्हणतात. तो तीन वर्षं म्हणतोय. सवय होते.

आमचे बाबा आतल्या खोलीत पेपर वाचत होते. त्यांना सांगायचं नाही असं आमचं ठरलं.

२६ मार्च
लिफ्टपाशी बॉस भेटला. गुड मॉर्निंग दादा म्हणालो. एकदाच, सोय म्हणून. तत्त्व मनात कायम आहे. बक्षिसाची खुर्ची मात्र पाठीला फार बरी वाटते.