चाळीस थरांचं कोटिंग

४ मार्च, सकाळ
थोर कामाची नोंद वेळीच झालेली बरी, म्हणून ही रोजनिशी. यंत्राच्या ज्या भागांना तेल चालत नाही, त्यांना आमची लॅब कोरडं, निसरडं कोटिंग देते. शेजारच्या टेबलावरची बाई तीन थर देते. फक्त तीन. माझे चाळीस. एक निसरडा, एक कडक, परत निसरडा. ग्राहक ज्याचं कोटिंग निवडेल त्याला नवा विभाग. म्हणजे मला.

११ मार्च
साहेब म्हणाले, थर वाढले की जोडही वाढतात, आणि कोटिंग जोडातच सुटतं. साहेबांनी शेवटचं पुस्तक कधी उघडलं होतं देव जाणे. मान डोलावली. मोठ्या मनाने.

१९ मार्च
पहिली चाचणी. कोटिंग दिलेली डिस्क फिरते, वरून पिन घासते. चहा सांगितला. तो यायच्या आत कोटिंगचे पापुद्रे सुटले. पिन हलक्या दर्जाची. नवी मागवली.

२७ मार्च
नव्या पिनखाली तेच. हवा दमट आहे. हे विज्ञान आहे, सबब नव्हे. बाईची डिस्क त्याच हवेत सकाळपासून मुकाट फिरतेय. कसलं नीरस काम. थर कमी करून बघू या का, मी मदत करते, असं म्हणाली. लागली तर कळवेन म्हटलं. बिचारी.

२ एप्रिल
बायकोला सांगून टाकलं, विभागप्रमुख मीच. तिने लगेच माझ्या सासूबाईंना फोन लावला. आता चाळीसवर थांबणं बरं दिसत नाही. ऐंशी करतो.

९ एप्रिल
ग्राहक आले. पिन टेकली आणि ऐंशीच्या ऐंशी थर एकदम सुटले. काळी भुकटी साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर. ग्राहक पोट धरून हसले. तांत्रिक समज शून्य. ऑर्डर बाईच्या तीन थरांना. विभागही तिलाच. घरी अजून बोललो नाही. योग्य वेळ बघतोय.

१७ एप्रिल
माझी डिस्क दारापाशी काचेच्या कपाटात ठेवलीय. नव्यांना शिकवायला. खाली पाटी: ‘थर सुटण्याचा उत्तम नमुना’. शेवटचे दोनच शब्द येतील असा फोटो काढून बायकोला पाठवला. ती म्हणाली, उद्या आईला घेऊन बघायलाच येते.
उद्या रजा टाकतोय. अर्जावर आता बाईंची सही लागते.